तात्यासाहेबांचा नारळ

आमच्या दिनकर शिंप्यावर लेकीच्या लग्नाचं कर्ज अजून अर्धं बाकी, आणि गडी पाडव्याला भाड्यानं द्यायचा फ्लॅट बुक करायला निघाला! बिल्डर तात्यासाहेबांनी लगेच हातात नारळ ठेवला.

“घाबरता काय? भाडेकरू हप्ते भरेल, तुम्ही नुसते मालक!”

दिनकर सही करणार, एवढ्यात वत्सलावहिनींनी नवऱ्याचं पेन काढून घेतलं. पिशवीत त्यांच्याच पाटल्या मोडून आणलेले पैसे होते ना!

“तात्यासाहेब, भाड्यातच सगळं फिटतं?”

“शंभर टक्के, वहिनी!”

“मग फ्लॅट तुमच्याच नावावर राहू द्या. भाडं घ्या, त्यातूनच हप्ते भरा. फिटले की किल्ली तेवढी आमच्याकडे पाठवा.”

तात्यासाहेबांनी पाणी मागवलं. नारळ काही वहिनींनी परत केला नाही. त्याची चटणी मी दोनदा मागून खाल्ली.