हिरड्याचा दोर

सावरदऱ्याला अजून गाडीवाट नव्हती आणि वाडीचे तंटे वाडीतच मिटत, तेव्हाची ही गोष्ट. वाडीच्या मागं माश्यांचा कडा आहे. त्याच्या कपारींत आग्या मोहोळं लटकायची आणि वाडीतली माणसं दोरावरून उतरून मध काढायची. वर दोर राखायला लक्षा असायचा. लक्षा दोराशी बसला की उतरणाऱ्याची आई घरी निवांत भाकरी थापायची, असं म्हणतात.

त्या साली देहू उतरला. त्याच्यासाठी एक दोर हिरड्याच्या झाडाला बांधला होता आणि मधाच्या मडक्यासाठी दुसरा दोर शेजारच्या जांभळीला. दोन्ही एकाच वाखाचे, एकाच जाडीचे. देहू कपारीत पोचला, पाय टेकून उभा राहिला, तसे दोन्ही दोर सैल पडले.

तेवढ्यात बुधा आला. हा लक्षाच्या बायकोचा भाऊ. बुधानं देवराईतलं झाड तोडलं होतं, देहूनं ते पंचांना सांगितलं होतं, आणि वर्षभर बुधाच्या घरी कुणी पाणी प्यायलं नव्हतं. लक्षानं पाहिलं, मेव्हण्याच्या कमरेला कोयता होता, नुकती धार लावलेला.

"दाजी," बुधा म्हणाला, "यातला माणसाचा दोर कोणता?"

लक्षाची नजर पुन्हा कोयत्यावर गेली. पण बायकोचा भाऊ, घरचा माणूस. त्याला कसं विचारायचं?

"हिरड्याचा," तो म्हणाला.

"तुम्ही झऱ्यावर पाणी पिऊन या."

लक्षा उठला आणि गेला. त्यानं ओंजळ भरली, आणि कड्याखालून माश्यांचा असा घोंघाट उठला की झाडांवरची पाखरं उडाली. माणसाचा आवाज आलाच नाही. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं तरी लक्षा तसाच वाकून उभा होता. तो परत आला तेव्हा हिरड्याला वीतभर दोर उरला होता. कापलेलं टोक पांढरं शुभ्र होतं. बुधा तिथंच मटकन बसला होता आणि आपल्या हातांकडं बघत होता.

देहूचं प्रेत दरीतून आणलं आणि दुपारी पंच बसले. बुधानं सगळं कबूल केलं. त्याला जन्मभरासाठी घाटापार हाकलायचं ठरलं. लक्षाचं नाव कुणी काढलं नाही. तो झऱ्यावर होता, हे गुराख्यांनी पाहिलं होतं. मग लक्षा आपण होऊन उठला आणि बुधाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"दोर यानं कापला," तो म्हणाला. "कोणता कापायचा, ते मी सांगितलं."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. पाटलांच्या हातातली पानाची चंची खाली पडली, ती कुणी उचलली नाही. देहूची आई भागीबाय तेवढी उठली आणि लक्षासमोर आली.

"तुला ठाऊक होतं?"

"कोयता पाहिला होता, मावशे. विचारलं नाही."

त्यानं बुधाचीच शिक्षा मागितली. पंच एकमेकांकडं बघू लागले. हात न लावलेल्या माणसाला काय शिक्षा द्यायची, हा प्रश्न वाडीला कधी पडलाच नव्हता. पाटलांनी भागीबायला विचारलं.

"ह्याला जाऊ देऊ नका," ती म्हणाली. "इथून पुढं जो उतरेल, त्याचा दोर ह्यानं धरायचा. झाडाला नाही बांधायचा. हातात धरायचा, मरेपर्यंत." ती जरा थांबली. "उद्या माझा सावळा उतरतोय."

सावळा तिचा उरलेला एकुलता एक मुलगा. बायांनी तोंडावर पदर घेतले. शिक्षा ऐकून लक्षा खाली बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

पण दुसऱ्या दिवशी सावळा उतरला आणि वर आला. पुढं बावीस वर्षं माणसं उतरली आणि वर आली. लक्षाच्या तळहातांना दोराचे असे चर पडले की त्यांत पाणी साठायचं. एकदा सगळं मोहोळ उठून त्याच्या अंगावर घोंगडीसारखं बसलं, तरी दोर तसूभर सरकला नाही, असं म्हणतात.

शेवटच्या साली कड्याची कडच ढासळली. खाली सावळा होता. हिरडा आणि जांभूळ दोन्ही झाडं दरीत गेली, दोर मात्र ताठ राहिला. सावळा चढून वर आला तर लक्षा गुडघ्यापर्यंत कातळात रुतलेला. श्वास केव्हाच गेला होता. मुठी सुटल्या नव्हत्या. त्या सोडवायला भागीबायला बोलवावं लागलं. म्हातारीनं एकेक बोट हळूहळू उलगडलं, असं म्हणतात.

आता कड्यावर कुणी उतरत नाही. पण सावरदऱ्यात पंच बसतात तेव्हा गुन्हेगाराच्या जागेशेजारी एक जागा रिकामी ठेवतात. शेळी चोरीला गेली असो की कुणाची गवताची गंजी पेटवलेली असो, गुन्हेगाराचं बोलणं संपलं की पाटील सगळ्यांवरून नजर फिरवतात आणि विचारतात, "लक्षाच्या जागी कोण?"

आणि बहुतेक वेळा मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं.