सोंगातल्या राजाने समुद्र दिला

एका राज्यात त्या दिवशी सकाळीच वारा फिरला होता. गारवा सरला होता, उन्हाला धार आली होती, आणि समुद्र कसा, तर परातीत ओतलेल्या दुधासारखा निवांत पडला होता. आभाळात ढगाचा पुंजका म्हणून नव्हता. चैत्राची पौर्णिमा होती ती. त्या राज्यात उन्हाळा त्या दिवशी बसायचा, आणि त्याच्या स्वागताला किनाऱ्यावरून सोंगांची मिरवणूक निघायची.

सोंगं तरी किती! कुणी कासव, कुणी मगर, कुणी मांत्रिक, कुणी राक्षस. पण मोठं सोंग एकच. राजाने कोळ्याचं सोंग घ्यायचं आणि एका कोळ्याने राजाचं. त्या कोळ्याच्या तोंडाला हळदीचा दाट लेप, डोक्यावर पितळी पत्र्याचा मुकुट. लोकांनी त्याच्याकडे मनाला येईल ते मागायचं. "राजा, मला चंद्र दे." "राजा, मला दुसरी सासू दे." आणि त्याने हात वर करून म्हणायचं, "दिलं!" नाही म्हणायचं नाही, असा रिवाज. शेवटी सगळ्यांनी समुद्रात तोंडं धुवायची. खारं पाणी लागलं की सोंग उतरलं, राजा राजा आणि कोळी कोळी.

त्या वर्षी हा मान लखू पागीकडे आला. पागी म्हणजे गुडघाभर पाण्यात उभा राहून गोल जाळं टाकणारा. लखूच्या अंगी घाई नव्हती. शेजारची चांगुणा त्याला म्हणाली, "भावजी, जरा पाय उचला! मासे पकडायला नाही निघालात."

"राजे कधी धावतात का, वहिनी?" लखू म्हणाला, आणि होता तसाच चालत राहिला.

मिरवणूक अर्ध्यावर आली तेव्हा काळी कफनी घातलेला एक मांत्रिक पुढे झाला. काखेत मडकं, गळ्यात हाडांची माळ. लोक म्हणाले, "वा! काय सोंग वठलंय!" पण ते सोंग नव्हतं हो. तो खराच मांत्रिक होता, भस्मकेतू. इतक्या खोट्या मांत्रिकांत खरा कोण ओळखणार?

"राजा, मला तुझा समुद्र दे."

"दिला!" लखू म्हणाला.

लोक हसले. ते हसत होते तोवर समुद्र मागे सरला, आटत आटत दोरीएवढा झाला आणि मांत्रिकाच्या मडक्यात शिरला. मांत्रिक वाऱ्यासारखा निघून गेला. होड्या चिखलात आडव्या झाल्या.

लोक तोंडं धुवायला धावले, पण खारं पाणी होतं कुठे? विहिरीच्या पाण्याने रंग निघेनात. कासवं कासवंच राहिली, मगरी मगरीच. लखूचा मुकुट डोक्याला घट्ट बसला. शिपाई त्याला मुजरे करू लागले, आणि कमरेला कोळ्याचा रुमाल गुंडाळलेल्या खऱ्या राजाला म्हणू लागले, "ए, बाजूला हो!"

राजा लखूजवळ आला. म्हणाला, "पागी, देणारा तू. आणायचाही तूच."

"आणतो, महाराज."

आडव्या डोलकाठीवर एक खंड्या पक्षी बसला होता. तो बोलला, "अमावास्येच्या दुपारची भरती शेवटची. ती टळली की समुद्र मडक्यातच मुरेल, मग कुणाच्या बापाला निघायचा नाही. चल, वाट दाखवतो. मीही उपाशीच आहे."

पुढे खंड्या, मागे लखू. समुद्राच्या उघड्या तळावरून ते सात दिवस चालले. आठव्या दिवशी काळ्या खडकावर भस्मकेतू भेटला.

"मडकं पाहिजे? तीन कामं कर."

"सांगा."

पहिलं काम, गुंतलेल्या जाळ्यांचा डोंगर सोडवायचा, एक धागा न तोडता. लखू मांडी घालून बसला. खंड्या ओरडला, "अरे, दिवस चाललेत!" लखू म्हणाला, "ओढलं की गाठ बसते, बाबा." पाच दिवसांत डोंगर सुटला.

दुसरं काम, बुडालेल्या गलबतातली मोत्यांची पेटी आणायची. जो उघडून पाही त्याचे डोळे मोती होत. गलबतात वाटेवर तसे मोत्यांच्या डोळ्यांचे कितीतरी लोक उभे होते. लखूने पेटी खांद्यावर घेतली आणि आणून ठेवली. "उघडली नाहीस?" मांत्रिकाने विचारलं. "पेटी तुमची," लखू म्हणाला, "मी कशाला उघडू?"

अमावास्या उजाडली. मांत्रिकाने सात मडकी मांडली, सातही सारखी, सातांची तोंडं लाखेने बंद. "एकाला हात लाव. चुकलास तर दगड होशील."

लखू समोर बसून राहिला. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं.

"कशाची वाट बघतोस?"

"भरतीची. मडक्यात घातला म्हणून समुद्र आपली वेळ विसरेल होय?"

आणि खरंच, डावीकडून तिसरं मडकं बाहेरून पाझरू लागलं. थेंब ओघळून खाली मिठाची रेघ उमटली. लखूने त्यावर हात ठेवला.

मांत्रिक हसला. "ओळखलंस. पण राजाने दिलेलं दान राजाला परत घेता येत नाही, आणि तू आता राजा आहेस. परत जा. सिंहासन तुझं, मुजरे तुझे. समुद्र तेवढा माझा."

मुजरे लखूला गोड लागले होते, खोटं कशाला सांगू? मग त्याला घरच्या खुंटीवर कोरडं पडलेलं आपलं जाळं आठवलं. त्याने तळहाताकडे पाहिलं. मडक्याच्या पाझराने तो ओला झाला होता, आणि तो पाझर खारा होता. लखूने तो हात कपाळावरून हनुवटीपर्यंत फिरवला. हळद निघाली. मुकुट खडकावर पडून खणखणला.

"मी लखू पागी," तो म्हणाला. "समुद्र माझा कधीच नव्हता. जो माझा नाही तो मी देईन कसा? तू घेतलंस ते सोंगातलं बोलणं."

मडकं तडकलं. भस्मकेतू कफनीसकट मिठाचा खांब झाला आणि पहिल्याच लाटेत विरघळला. पेटी बुडाली, मोती झालेले डोळे उघडले, आणि समुद्राने गलबतातल्या माणसांसकट लखूला अलगद उचलून किनाऱ्याकडे नेलं. खंड्या वरून उडत होता, चोचीत मासा.

किनाऱ्यावर सगळ्यांनी तोंडं धुतली. कासवांची माणसं झाली. राजा ओळखू आला, शिपाई खाली मान घालून उभे राहिले. राजाने लखूला विचारलं, "काय देऊ?" लखू म्हणाला, "काही नको, महाराज. ओहोटी लागायच्या आत एकदा जाळं टाकून येतो."

तो जाळं घेऊन पाण्यात उतरला तेव्हा चांगुणा पदर खोचून काठावर उभी होती. त्याच्याकडे निरखून बघत ती म्हणाली, "भावजी, ते कानामागचं नीट धुवा, तिथे अजून थोडा राजा राहिलाय."