दिवाणसाहेबांचे चाळीस शब्द

सल्ला देण्याचे चाळीस शब्द ज्याला पाठ, त्याला सल्ला द्यायला कोणी जायचं, सांगा बरं?

केळशिंगी संस्थानात ही वेळ अनसूयाबाईंवर आली. त्या मुलींच्या शाळेत शिकवत. पाचवीच्या वर्गाची खोली दिवाण त्र्यंबकराव रसाळांना आपल्या जुन्या इंग्रजी कोशांसाठी हवी होती. खोली गेली, की अकरा मुलींचं शिक्षण तिथंच थांबणार होतं.

बाई कचेरीत गेल्या. त्या तोंड उघडणार, तोच दिवाणसाहेबांनी कोश उघडला.

"आधी हे ऐका. अरीड, मोनिश, स्वेड! सल्ला द्यायला, मन वळवायला इंग्रजांचे असे चाळीस शब्द होते. आता विलायतेतही ते कोणी बोलत नाही. यातला एक तरी ठाऊक आहे? मग माझं मन कसं वळवणार, बाई?"

कारकून तोंडाला उपरणं लावून हसले.

"नाही हो ठाऊक," बाई हळूच म्हणाल्या. "पण साहेब, ऐकण्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"लिसन."

"तोही शब्द गेला का हो?"

"छे! तो तर रोजच्या बोलण्यातला."

"बघा ना साहेब. सल्ला देणारे चाळीस गेले आणि ऐकणारा एकटा अजून धडधाकट आहे."

कारकुनांचं हसू थांबलं. दिवाणसाहेबांनी हळूहळू कोश मिटला.

"मुली किती म्हणालात?"

"म्हणाले कुठं? तुम्ही बोलू दिलंत तर ना! अकरा आहेत."

मग बाई बोलत राहिल्या आणि साहेब ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचवीचा वर्ग त्याच खोलीत भरला.