वेलबुट्टीचा माठ

एकदा एक आचार्य होते. त्यांचे गाव तापीकाठचे की गोदावरीकाठचे, हे आता खात्रीने आठवत नाही. पानमळ्यांचे होते एवढे नक्की. त्यांच्या शिष्येने घरच्या घरी एक युक्ती काढली होती. मोठ्या माठात लहान माठ, मधल्या पोकळीत ओली वाळू आणि आत विड्याची पाने. भर वैशाखातही पाने टवटवीत राहत.

पानांचा व्यापारी वैतागलेला होता. तो शिष्येला म्हणाला, "वाटेत निम्मी पानं सडतात. तुझ्या माठात टिकली तर माल इथूनच उचलीन. नाहीतर या गावाला रामराम!"

साऱ्या मळेकऱ्यांचे डोळे शिष्येकडे लागले. व्यापारी माठ पारखायला येणार म्हणून तिने बाहेरचा माठ, लग्नघरी रंगवतात तसा, तेलरंगाने रंगवला. वर सुरेख वेलबुट्टी काढली.

व्यापाऱ्याने स्वतः पाने आत ठेवली. दुसऱ्या दिवशी झाकण काढले, तर ती काळवंडलेली.

"देव्हाऱ्यापाशी ठेव हो, बाई. शोभून दिसेल," तो हसला.

शिष्येला रडू फुटायचेच बाकी होते. "गुरुजी, एरवी जमत होतं हो!"

आचार्यांनी वाळू उपसली, लहान माठ बाजूला ठेवला आणि रंगवलेल्या माठावर धोंडा घातला.

"अहो गुरुजी, तेवढी नक्षी तरी राहू द्यायची!" व्यापारी ओरडला.

आचार्यांनी एक खापर शिष्येच्या हाती दिले. तिने ते चाचपले. आतून चिंब, बाहेरून कोरडे ठणठणीत.

"रंगानं पाणी अडवलं! बाहेर येऊन वाळलंच नाही, मग माठ गार कसा होणार?" ती उद्गारली.

"युक्ती तुझी खरीच होती," आचार्य म्हणाले. "पण तिच्यावर तुझाच विश्वास कमी पडला. लोकांपुढे नेताना तू तिला सजवलंस आणि त्या सजावटीनं तिचंच काम बंद पाडलं. सत्य मांडताना त्याला मोकळं ठेवावं, बाळ."

शिष्येने डोळे पुसले. "शेठजी, उद्यापर्यंत थांबा."

"थांबतो. जेवायला मात्र तुझ्याकडे!"

तिने कुंभाराकडून साधा कोरा माठ आणला, वाळू भिजवली, नवी पाने ठेवली. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने त्यातले एक पान दुमडले. ते कडकन मोडले. ते तसेच तोंडात टाकून तो गाडीवानावर खेकसला, "बघत काय बसलास? कुंभाराकडे असतील तेवढे माठ उचल. आणि खबरदार, एकही रंगवलेला नको!"

मळेकऱ्यांनी एकच जल्लोष केला. शिष्या सर्वांत मोठ्याने हसत होती.

ही गोष्ट ऐकल्यावर बऱ्याच वर्षांनी, खात्री करावी म्हणून, मी माझ्या घरी एक कोरा आणि एक रंगवलेला असे दोन माठ शेजारी शेजारी पाण्याने भरून ठेवले. तेलरंग दिलेल्या माठातले पाणी कोमटच राहिले.