कड्यावरचं विमान

खूप जुनी गोष्ट आहे, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची. एका खोल दरीच्या काठावर एक गाव होतं. त्या गावात एक तरुण आपल्या बायकोला घेऊन नव्यानेच राहायला आला.

दरीच्या पलीकडे बायकोचं माहेर होतं. सकाळी तिथल्या चुलींचा धूर दिसायचा. पण जायचं म्हटलं तर अख्खी दरी उतरायची, नदी ओलांडायची आणि पुन्हा तेवढाच डोंगर चढायचा. तिची आई आजारी होती. बायको रोज काठावर उभी राहून त्या धुराकडे बघायची.

एकदा तरुणाला एक घार दिसली. पंख न हलवता ती या काठावरून त्या काठाला गेली. त्याच्या मनाने घेतलं, आपणही एक विमान बांधायचं. हलकं, एका माणसापुरतं. त्याच दिवशी त्याने ते गावभर सांगूनही टाकलं.

त्याला त्यातलं काहीच येत नव्हतं. पण गावात दोन म्हातारे होते. दोघांनीही तरुणपणी आपापली विमानं बांधून उडवली होती. तरुण त्यांच्याकडे गेला.

वरच्या आळीतल्या आजोबांनी सांगितलं, पंख लांब ठेव आणि पुढे बस. नाक जड असलं तरच विमान सरळ जातं. खालच्या आळीतल्या आजोबांनी सांगितलं, पंख आखूड ठेव आणि मागे बस. नाक जड झालं की विमान दरीतच जातं.

तरुण गोंधळला. दोघांचीही विमानं उडाली होती, म्हणजे दोघंही खरंच सांगत होते. मग दोघांचं जुळत का नाही? तो पुन्हा पुन्हा विचारायला गेला, आणि प्रत्येक वेळी जास्तच गोंधळून परत आला.

त्याने बांबूचा सांगाडा बांधला, त्यावर खळ लावलेलं कापड ताणलं. बसायची फळी आज पुढे सरकवायची, उद्या मागे. जेवताना भाकरीचा तुकडा त्याच्या हातातच राहायचा. बायकोने विचारलं की तो म्हणायचा, होत आलंय. सगळं गाव वाट बघत होतं. आता कळत नाही म्हणायची त्याला लाज वाटत होती.

शेवटी त्याने पंख वरच्या आजोबांचे घेतले आणि बसायची जागा खालच्या आजोबांची. दोघांचाही मान राहिला.

तेवढ्यात पलीकडून निरोप आला, की आईचं दुखणं वाढलंय. दुसऱ्या दिवशी विमान कड्यावर आणलं. गाव जमा झालं. तरुण बसणार, तोच बायको पुढे झाली.

"मी बसते," ती म्हणाली. "मी हलकी आहे, आणि आई माझी आहे."

"तुला भीती नाही वाटत?"

"तुम्ही बांधलंय ना, मग कसली भीती?"

ती बसली. आईसाठी आणलेलं गाठोडं तिने मांडीवर घेतलं. आता मागून ढकलायचं, एवढंच राहिलं होतं. तरुणाने हात लावला, आणि त्याचे हात हलेनात.

"खाली उतर," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "हे उडेल की पडेल, मला कळत नाही. मला कधीच कळलं नव्हतं."

लोक हसले. बायको उतरली, पण त्याच्याकडे बघेना. तरुणाने तिच्या जागी तिच्याच वजनाचं वाळूचं पोतं बांधलं आणि विमान ढकललं.

विमान जरा पुढे गेलं. मग त्याचं नाक वर उचललं गेलं, ते क्षणभर थबकलं, एका पंखावर कलंडलं आणि खाली गेलं. पोतं फुटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. हसणारं कुणी उरलं नाही.

बायकोने गाठोडं उचललं. "चला," ती म्हणाली, "चालत जाऊ."

दोघं दरी उतरले, नदी ओलांडली, डोंगर चढले. आई अंथरुणात होती, पण लेकीला ओळखून हसली. तिला उठून बसता येईपर्यंत दोघं तिथेच राहिले.

परत आले तेव्हा दोन्ही आजोबा तरुणाच्या घराच्या ओट्यावर वाट बघत बसले होते. वरच्या आळीतले आजोबा म्हणाले, "पोरा, माझं विमान उडालं खरं. पण ते का उडालं, ते मलाही कधी कळलं नाही."

"मलाही नाही," खालच्या आळीतले आजोबा म्हणाले.

त्या दिवसापासून तिघं मिळून हातभर लांबीची विमानं करू लागले. गवताच्या उतारावरून ती सोडायची, पडली की का पडली ते बघायचं. दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या हिवाळ्यात त्या गावातून एक माणूस दरीवरून उडत पलीकडे गेला, आणि सासूबाईंच्या अंगणाजवळ उतरताना त्याने गुडघा खरचटून घेतला.

म्हणून लक्षात ठेवावं: कळत नाही ते कळत नाही असं वेळेवर सांगितलं, तरच कळायला सुरुवात होते.