वर धरलेला हात

“म्हणजे नवा सेन्सरसुद्धा मेलेलाच निघाला म्हणायचं?” गाडीखालून बाहेर येत शिवलीलानं विचारलं.

दस्तगीरचाचा चिंचेखाली खाटेवर बसले होते. मांडीवर गाडीचा जुना मीटर. सकाळी तिनं तो काढून भंगारात टाकला होता. त्यांनी उचलून आणला, पुसला आणि तेव्हापासून घेऊन बसले होते.

त्यांनी मांडीवरचा मीटर तिच्याकडे फिरवला.

मिरजेच्या याच अंगणात शिवलीला त्यांच्याकडून गाड्यांचं वायरिंग शिकली होती. आता सांगलीत तिचं स्वतःचं दुकान होतं. तिच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी पुन्हा येत नाही, असं लोक म्हणत. तिलाही ते ठाऊक होतं.

चाचांना लांबचं स्वच्छ दिसे, जवळचे बारीक आकडे मात्र पुसट होत चालले होते. चष्मा लावला तर रस्ता पुसट, काढला तर मीटरवरचा काटा दिसेना, म्हणून त्यांनी गाडी चालवणंच सोडलं. मुलगा म्हणाला, विकून टाका.  रुकयाचाचींचं जतला आजारी बहिणीकडे जाणंही थांबलं होतं.

हे कानावर आलं, तशी शिवलीला नवा डिजिटल मीटर घेऊन हजर झाली. भलेमोठे, ठळक आकडे. कोणालाही दिसावेत असे.

मीटर बसला. किल्ली फिरवली. पेट्रोल दिसलं, इंजिनाची गरमी दिसली. चाची दारातून कौतुकानं बघत राहिल्या.

गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत नेली, तर वेग शून्य. उभ्या गाडीला शून्य आणि पळत्या गाडीलाही शून्य.

तिनं वायर तपासली. चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर बदलला. चाचा दोनदा मीटर घेऊन खाटेवरून उठले, दोन्ही वेळा ती म्हणाली, “तुम्ही बसा हो, चाचा. मी आहे ना.”

ते बसले.

आता ऊन अंगणभर पसरलं होतं. शिवलीला त्यांच्या पायाशी जमिनीवर टेकली. हात काळे झालेले, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात.

“सेन्सरच्या तारेवर काही येतच नाही, चाचा. मुका आहे तो. काय करू, सांगा ना.”

चाचांनी मीटर तिच्या मांडीवर ठेवला.

“हा काय काम करायचा?”

“ऐकायचा. सेन्सर सांगायचा, हा दाखवायचा.”

“नुसतं ऐकायचा?”

“…मग आणखी काय?”

चाचांनी आपला उजवा हात खाटेवरून खाली सोडला. सैल, लोंबता.

“ओढ.”

“कुठं?”

“खाली.”

“खालीच तर आहे. आणखी काय ओढू?”

त्यांनी हात वर उचलला. खांद्याच्या उंचीवर धरला.

“आता ओढ.”

तिनं ओढला. हात खाली आला. तिनं सोडताच पुन्हा वर गेला. तिनं परत ओढला. परत वर. एका लयीत चाललं ते. दारात उभ्या चाची हसू लागल्या, “काय पोरखेळ लावलाय दोघांनी!”

शिवलीला मात्र थांबली. चाचांचा हात तिनं तसाच हातात धरून ठेवला.

“जुना मीटर तार वर धरायचा…” ती हळूच म्हणाली. “आपल्याकडून व्होल्टेज द्यायचा. सेन्सर फक्त खाली ओढायचा. चाकाबरोबर पुन्हा पुन्हा.”

चाचा ऐकत होते.

“आणि माझा नवा मीटर तार वर धरतच नाही.”

ती उठली. पेटीतून तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर शोधला. त्याचं एक टोक किल्लीबरोबर चालू होणाऱ्या वायरीला जोडलं, दुसरं सेन्सरच्या तारेला. आता तार वर धरायला तो होता. नवा सेन्सर काढून जुनाच परत बसवला.

“चाचा, चालवा तुम्ही. चाची, तुम्हीही बसा.”

गाडी गल्लीतून निघाली. शिवलीला श्वास रोखून आकड्यांकडे बघत होती. सात… बारा… अठरा…

“दिसतंय का हो?” मागून चाचींनी विचारलं.

“दिसतंय,” चाचा म्हणाले. “चष्म्याशिवाय.”

चाचींनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, “शुक्रवारी निघायचं जतला.”

टाकीपाशी चाचांनी गाडी थांबवली. शिवलीलानं कपाळावर हात मारला.

“बिचारा सेन्सर. सकाळपासून इमानानं आपलं काम करत होता, आणि मी त्याला मुका म्हटलं.” मग लटक्या रागानं ती चाचांकडे वळली. “पण तुम्हाला तर पहिल्यापासून ठाऊक होतं! मग बोलला का नाहीत?”

चाचांनी तिच्या कपाळावरचा काळा डाग अंगठ्यानं पुसला.

“बोलतच होतो की, बेटा.”