चिंध्यांचा मोजा

एक होता राजा. पण तो राहायचा सात समुद्रांपलीकडे आणि फार कामात असायचा, म्हणून त्याला तिथेच राहू दे. अलीकडच्या काठावर एक बंदर होतं. बंदरावर एक कौलारू बंगला होता. चारी बाजूंनी पडवी, आणि खिडक्यांना काचांऐवजी शिंपल्यांच्या चकत्या. त्यातून ऊन आत आलं की दुधासारखं दिसायचं, बरं का.

बंगल्यात राहायचा राजाचा कप्तान, त्याची बायको लिओनोरबाई, आणि त्यांची सहा वर्षांची लेक लुसी. गलबतातून उतरल्या दिवसापासून लुसीचे पाय गार पडले होते. बाहेर माणसं घामाने निथळायची, आणि हिचे पाय टोपलीतल्या माशांसारखे थंड. जमिनीला पाय टेकवायचीच नाही. दिवसभर आपली पलंगावर.

मग हकीम आला. त्याने पाय चाचपले. म्हणाला, "हिला इथली जमीन मानवत नाही. नाताळपर्यंत पोरगी उभी राहिली तर ठीक. नाहीतर परतीच्या गलबताने हिला आपल्या मुलखात धाडा."

पण कप्तानाच्या बायकोने बंदर सोडायचं नाही, असा राजाचा हुकूम होता. म्हणजे लुसी जाणार एकटी, आणि आई राहणार इथे. आईने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून ती गलबताकडे बघेनाशी झाली.

फिलू, तुझे पाय गोधडीबाहेर का? घे आत. हां.

मग बाईच्या मनात आलं, यंदा आपल्या आजीच्या घरी असायची तशी नाताळची सजावट करू. पोरीला बघायला तरी बरं वाटेल. बंगल्यात एक जुना पेटारा होता. शंभर वर्षांत त्या घरात जी जी माणसं राहिली, त्यांच्या कपड्यांच्या चिंध्या त्यात साठल्या होत्या. किनखाप, मखमल, छीट, काय काय. एवढ्यांत पडदे होतील का, ते बघायला बाईने रेजीन शिंपिणीला बोलावलं.

या रेजीनचे हात सोन्याचे, पण काळीज चिमणीचं. सुई पडली तरी दचकायची. कुणाला दोनदा काही विचारायची तिला भीती वाटायची. एकदा विचारायचीसुद्धा वाटायची.

बाईला तेव्हा मराठी शब्द यायचे चार. त्यातले दोन तिने वापरले. पेटाऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "चिंध्या. मोजा."

म्हणजे किती आहेत ते मोजा. रेजीन नीट विचारणारच होती, पण तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाने टोला दिला. ती अशी दचकली, की सगळ्या चिंध्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरलीसुद्धा.

शेजारची कतरीनमावशी दारात शेंगा सोलत बसली होती.

"मोजा शिवायचाय, मावशी. चिंध्यांचा."

"एकच?"

"मोजे नाही म्हणाल्या. मोजा म्हणाल्या."

"असेल बाई. दुसरा पाय उघडा ठेवत असतील त्यांच्यात. केवढा?"

"ते नाही विचारलं."

"मग मोठाच शिव. लहान झाला तर बोलणी खाशील. मोठा झाला तर निदान भाजी ठेवतील त्यात."

मग रेजीनने सगळ्यात भारी कापड निवडलं, किनखापाचं. फार पूर्वी त्या बंगल्यात राहिलेल्या एका सुभेदारणीच्या शालूचं. हातभर लांब मोजा शिवला आणि भीत भीत नेऊन दिला.

बाईने तो उलटा केला, सुलटा केला. मग तिच्या ध्यानात आलं. ती इतकी हसली, की लुसी पलंगावरून बघतच राहिली. आई किती महिन्यांत हसली नव्हती. आणि गंमत अशी, की बाईच्या आजीच्या घरी नाताळला अस्साच लांब मोजा टांगायचे. रात्री संत यायचा आणि त्यात खाऊ ठेवायचा. बाई तो खिडकीला टांगणार, तोच लुसी म्हणाली, "आधी माझ्या पायांत घाल."

मोजा एक आणि पाय दोन, पण दोन्ही आत मावले. आणि पायांना ऊब आली.

पण कसं आहे, त्या काळी कापडाला आठवण असायची. जो नेसला, त्याची सवय त्यात मुरायची. सुभेदारीण आयुष्यात कधी जमिनीवर चालली नव्हती. तर लुसीचे पाय काय करतात? नाक मुरडतात. "पालखी आणा," लुसी म्हणाली, आणि जरा म्हणून उतरेना. मग मोजा काढला, तर पाय पुन्हा गार.

तरी ऊब आली होती ना. बाईने रेजीनचा हात धरला. "आणखी. मोजा."

मग रेजीनने दुसरा शिवला. निळ्या मखमलीचा, एका जुन्या दर्यावर्दीच्या डगल्यातला. तो घातला मात्र, लुसी ताडकन उठून उभी राहिली. बाईचे डोळे भरून आले. पण पाय थांबेनात. दोन्ही पाय एका मोज्यात, तशीच बेडकासारख्या उड्या मारत पडवीतून खाली, वाळूवरून धक्क्यावर, थेट गलबताच्या शिडीकडे. दर्यावर्दीचे पाय ते, ते दुसरीकडे कुठे जाणार? बाई धावत सुटली. शेवटच्या पायरीवर तिने लेकीला धरलं आणि मोजा ओढून काढला.

त्या दिवशी बाई हसली नाही. आता नाताळला एकच दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, भरती आली की, गलबत सुटणार होतं.

रेजीनच्या गाठोड्यात आता भारी काही उरलं नव्हतं. तळाला होते ते साधे तुकडे. स्वयंपाकिणीच्या लुगड्याचे, माळ्याच्या रुमालाचे, एका बाळाच्या झबल्याचे. धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. तिने तेच जोडले. पण टाचेला तुकडा कमी पडला. नवं कापड तिथे शोभेना. मग तिने आपल्या लाल लुगड्याच्या पदराचा कोपरा कापला आणि टाच पुरी केली.

दुसऱ्या दिवशी ती मोजा घेऊन गेली खरी, पण हातातून सोडेना. शेवटी धीर करून म्हणाली, "बाईसाहेब, टाचेला माझा तुकडा आहे. मी फार भित्री आहे हो. पोरीला बाधलं तर?"

बाईने तिच्याकडे बघितलं. खाली लुसीची पेटी बांधून तयार होती. हकीम पडवीत उभा होता. बाई म्हणाली, "असू दे."

मग लुसीच्या पायांत मोजा घातला. बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, कारण तिला जवळून बघवेना. सगळे वाट बघत राहिले. पाय उबदार झाले, पण हलेनात. बोटभरही नाही. हकिमाने मान हलवली आणि पेटी उचलायला माणूस बोलावला.

तेवढ्यात काय झालं, अंगणातल्या माडावरून एक नारळ सुटला आणि डोक्यावरच्या कौलांवर आदळला. धाडकन.

रेजीन दचकली. आणि तिच्याबरोबर लुसीचे पायही दचकले.

आता तुम्हीच सांगा, दचकलेलं पोर कुठे पळतं?

लुसी पलंगावरून उडी टाकून पळाली. एक उडी, दोन उड्या, तीन उड्या. अर्ध्या वाटेत मोजा पायांतून निसटला आणि तिथेच पडून राहिला. लुसीला कळलंसुद्धा नाही. उरलेली सगळी वाट ती तिच्या स्वतःच्या उघड्या पायांनी धावली, गार फरशीवरून, आणि आईच्या कुशीत शिरली.

बाईने खाली बसून तिचे पाय हातांत घेतले. भाकरीसारखे गरम. हकिमानेही चाचपले. मग तो पेटी उचलणाऱ्याला म्हणाला, "ठेव बाबा ती खाली. हे पाय कुठे पाठवायचे?"

भरती आली. गलबत सुटलं, लुसीला न घेता. रेजीन पदराने डोळे पुसायला गेली, तर कोपराच नव्हता. मग बाईने आपला रुमाल दिला.

उरलेल्या चिंध्यांचे मग त्यांनी मोजेच केले. बाई कापायची, रेजीन शिवायची, आणि लुसी धावत जाऊन खिडकीखिडकीला टांगायची. सजावट अशी झाली, की अख्खं गाव बघायला आलं. कतरीनमावशीने एकात भाजीसुद्धा ठेवून पाहिली. पुढे लुसी मोठी झाली, बंदरावरच राहिली, आणि सगळी माणसं आपापल्या घरी आपापल्या पायांनी सुखाने नांदली.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा. रात्री काही वाजलं, तर वाजू दे. माडाचा नारळ असेल. आणि दचकलात तर दचका, मी इथेच झोपले आहे.